कंबरेचे दुखणे आणि करंटचे यंत्र



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची पाचट आणि खताचे हप्ते यांवर लिहीत असतो. या अंकात मात्र कंबरदुखीवर आणि त्यासाठी घरोघरी येऊ लागलेल्या करंटच्या छोट्या यंत्रावर लिहीत आहोत. आम्ही शेतकीची पदविका घेतलेले, डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही लिहिण्याचे कारण असे की, आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. ती लपवून ठेवण्यापेक्षा सभासदांना सांगितलेली बरी.

गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही गटात फिरत होतो. एका वस्तीवर सत्तरीतले एक जुने सभासद, सगळे गाव त्यांना आबा म्हणते, ओट्यावर कंबर धरून बसले होते. उठताना भिंतीचा आधार, बसताना 'आई गं'. आमचीही कंबर मोटारसायकलवरच्या फिरतीने कामातून गेलेली, म्हणून आमच्या पिशवीत असे एक यंत्र होतेच. मोठ्या मनाने ते काढून आम्ही आबांच्या हातात दिले. आबा म्हणाले, "करंट बिरंट काय नको साहेब." आम्ही म्हटले, "अहो आबा, सेलवरचं आहे, मोटरीचं न्हवं. चार दिस लावून बघा, मोजणीला आलो की परत नेतो."

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "साहेब, आबांच्या छातीत दोन वर्सापूर्वी ते हृदयाचं मशीन बसवलंय. वर हे लावलं तर चालतंय न्हवं?"

आमच्या अंगावर सर्रकन काटा आला. हृदयाचे ठोके नियमित ठेवण्यासाठी छातीत पेसमेकर बसवलेला असतो, तो हृदयाच्या विजेचे बारीक इशारे सतत ऐकत असतो. बाहेरून करंटचे ठोके आले तर ते हृदयाचेच ठोके समजून तो स्वतःचे काम थांबवू शकतो. वीस वर्षे आम्ही सभासदांना सांगत आलो की औषध फवारण्यापूर्वी बाटलीवरची चिठ्ठी वाचा, आणि माणसाला यंत्र देताना आम्ही एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आबांनी भीतीपोटी ते लावले नव्हते, म्हणून निभावले.

त्यानंतर आम्ही या विषयात थोडे खोलात गेलो, फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरांना भेटलो, वाचले. जे पक्के कळले ते पुढे देत आहोत.

यंत्र करते काय?

या यंत्राला टेन्स म्हणतात. पूर्ण नाव ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. त्वचेवरून मज्जातंतूंना विजेचे बारीक ठोके देणे, एवढाच त्याचा अर्थ. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी डबी, तिला दोन किंवा चार वायरी, वायरींच्या टोकाला चिकट पॅड. आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल किंवा चार्ज होणारी बॅटरी. दवाखान्यात 'करंटचा शेक' म्हणून जे देतात त्यातलाच हा घरगुती प्रकार समजा. नाव शेक असले तरी यात उष्णता नसते. पॅडखाली गरम वाटू लागले तर काहीतरी चुकते आहे असे समजून यंत्र बंद करावे.

विजेने दुखणे घालवण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने डोकेदुखीला आणि पायाच्या संधिवाताला विजेचा झटका देणारा जिवंत मासा लावायला सांगितला होता. आजचे यंत्र मात्र १९६५ सालच्या एका विचारातून आले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी 'दाराचा सिद्धांत' मांडला. तो आपल्या लोकांना समजायला अजिबात अवघड नाही, कारण दारे धरण्यात आपला जन्म गेला.

दुखऱ्या जागेकडून मेंदूकडे खबर नेणारे तंतू बारीक असतात आणि त्यांची चाल संथ असते. स्पर्श, दाब, चोळणे यांची खबर नेणारे तंतू जाड आणि वेगवान. या दोन्ही चाऱ्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एका दारापाशी येतात. जाड तंतूंतून खबरांचा लोंढा सुरू झाला की बारीक तंतूंचे दारे अर्धेमुर्धे बंद होते आणि दुखण्याची खबर वर कमी पोचते. कोपर चौकटीवर आपटले की आपण न सांगता ते चोळू लागतो आणि बरे वाटते, त्याचे कारण हेच. यंत्र ते चोळण्याचे काम विजेने करते. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट या शल्यविशारदाने काही रोग्यांवर विजेचे ठोके देऊन पाहिले, आणि ठोके चालू असेपर्यंत दुखणे खरोखरच दबले. नंतरच्या संशोधनात दाराच्या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. शिवाय असे दिसले की या ठोक्यांनी शरीर स्वतःचे अफूसारखे वेदनाशामक द्रव्यही सोडते.

दारे बंद केले म्हणून विहिरीचे पाणी आटत नाही. कण्यातली गादी सरकली असेल, सांधा झिजला असेल, तर तो तसाच राहतो. हुमणीने मूळ खाल्लेल्या उसाला युरिया टाकून चार दिवस पाने हिरवी दिसावीत, तसाच हा प्रकार होऊ शकतो.

मग उपयोग होतो की नाही?

येथे शास्त्रज्ञांतही एकमत नाही, आणि विकणारे हे सांगत नाहीत. २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खोट्या यंत्राच्या तुलनेत खऱ्या यंत्राने, ते चालू असताना किंवा बंद केल्यावर लगेच, दुखणे कमी आढळले, आणि गंभीर अपाय दिसला नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात या यंत्राची शिफारस नाही, ते नेहमीच्या उपचारात धरू नये असेच म्हटले आहे. इंग्लंडच्या आरोग्य खात्याला सल्ला देणाऱ्या संस्थेनेही २०१६ साली कंबरदुखीसाठी आणि २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी डॉक्टरांना हेच सांगितले. (कंबरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे, हेही जागतिक संघटनेच्या त्याच 'नको'च्या यादीत आहे. आमच्या गटात पट्टा बांधलेले किती सभासद आहेत हे आम्ही मोजायचे सोडून दिले आहे.)

हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे? आमची समजूत अशी. प्रश्न निरनिराळे आहेत. 'अर्धा तास दुखणे दबते का?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा हो असे येते. 'सहा महिन्यांनी हा माणूस जास्त कामाचा झाला का?' याचे उत्तर नीट मिळत नाही. त्यातही बऱ्याच चाचण्या थोड्या माणसांवरच्या. दोन सरींचा उतारा मोजून एकरी शंभर टन सांगणारा शेजारी आपण सर्वांनी पाहिला आहे, तसेच काहीसे. शिवाय खोटे यंत्र लावलेल्या माणसाला मुंग्या येत नाहीत, त्यामुळे त्याला ते ओळखू येते आणि तुलना बिघडते.

आमचा स्वतःचा अनुभव विचाराल तर यंत्र लावून अर्धा-पाऊण तास बरे वाटते, आणि त्या वेळात चालणे-वाकणे सुसह्य होते. या सुटलेल्या वेळात चालले, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम केला, तर त्याचा उपयोग. त्या वेळात खताची पोती उतरवली तर मात्र दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई. हेही आम्ही करून बसलो आहोत.

घरातील भगिनींसाठी एक गोष्ट सांगणे योग्य वाटते. मासिक पाळीच्या वेळच्या पोटदुखीत या यंत्राने, जलद ठोक्यांच्या पद्धतीने, आराम पडतो असे चाचण्यांत आढळले आहे. मात्र दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर पोटावर आणि कंबरेवर हे यंत्र लावू नये.

लावायचे कसे?

आमच्या पहिल्या दिवसाची कथा ऐका. घरच्यांनी रात्री कंबरेला तेल चोळून दिले, त्यावरच आम्ही पॅड लावले. पॅड घसरून एकावर एक आले, अर्धवट चिकटले, आणि बटण फिरवताच सुई टोचल्यासारखे झाले. दोष यंत्राचा नव्हता. जागा साबणाने धुऊन, पुसून, कोरडी करून मगच पॅड लावायचे. तेल, मलम, भस्म काही नको. केस जास्त असतील तर कात्रीने कापावेत, वस्तरा लावू नये, कारण बारीक कापलेल्या जागी करंट झोंबतो.

यंत्र बंद असताना पॅड लावायचे आणि बंद करूनच काढायचे. कंबरेसाठी कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या हाडावर नव्हे तर बाजूच्या मासावर. गुडघ्यासाठी वाटीवर नव्हे, दोन्ही अंगांना. दोन पॅडमध्ये निदान एक इंच अंतर हवे. मग शून्यापासून हळूहळू वाढवत जायचे. मुंग्या स्पष्ट, जोरकस वाटल्या पाहिजेत, पण दुखता कामा नये. फारच हळू ठेवून 'काय होत नाही' म्हणणारेही भेटतात आणि 'जेवढा जास्त तेवढा गुण' म्हणून दात-ओठ खाणारेही. दोघांचेही चुकते. थोड्या वेळाने मुंग्या मंदावल्यासारख्या वाटतात, तेव्हा किंचित वाढवावे.

डबीवर दोन आकडे असतात. सेकंदाला ठोके किती, आणि एक ठोका किती लांब. नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला ८० ते १२० ठोके ठेवतात. दुसरी संथ पद्धत २ ते १० ठोक्यांची, तिच्यात स्नायू उडताना दिसतो. ठोक्याची लांबी साधारण ५० ते २५० असते, हे माप सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे. नवख्याने जलद पद्धतीने सुरुवात करावी. एका वेळी अर्धा तास पुरे, सवय झाल्यावर तासभर. रोज एकाच मापावर लावत राहिले तर शरीराला त्याची सवय होते आणि गुण ओसरतो, म्हणून मधे खाडा द्यावा, ठोके बदलावेत.

झोपताना, आंघोळीत, ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवताना, मोटर चालू करताना हे यंत्र अंगावर नको. चार्जिंगला लावलेले असताना तर नकोच. आणि एक सूचना हसण्यावारी नेऊ नये : रानडुकरांसाठी कुंपणाला लावतो ते झटका यंत्र आणि हे यंत्र यांचा काडीचाही संबंध नाही. कुंपणाचा ठोका हजारो व्होल्टचा असतो. "आतलं सर्किट तेच असतंय, वायर लावून बघू," असे म्हणणारा एक हुशार तरुण आम्हाला भेटला आहे. त्याला आम्ही काय बोललो ते येथे छापण्यासारखे नाही.

कोणी लावूच नये

छातीत पेसमेकर किंवा तसले कोणतेही विजेचे उपकरण असलेल्यांनी हात लावू नये, हे वर आलेच. फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गळ्याच्या पुढच्या भागावर व बाजूंवर कोणीही लावू नये, तेथे रक्तदाब सांभाळणारी जागा असते. डोक्यावर नाही, डोळ्यांजवळ नाही, छातीच्या पुढून-मागून करंट हृदयातून जाईल असे नाही. जखम, खरूज, गजकर्ण असलेल्या कातडीवर नाही. कॅन्सरच्या गाठीवर नाही. पोटरी सुजून लाल व गरम झाली असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिच्यावर नाही.

साखरेच्या आजाराबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्या सभासदांत हा आजार वाढलेला दिसतो. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना जाते. खडा टोचलेला कळत नाही, गरम फरशी कळत नाही. अशा बधिर पायावर यंत्र लावले की मुंग्या जाणवत नाहीत, माणूस वाढवत जातो आणि कातडी भाजते. आमच्या गटातील एका मावशींच्या घोट्यावर असाच रुपयाएवढा चट्टा पडला आणि तो भरायला दोन महिने लागले. लावण्यापूर्वी डोळे मिटून घरच्या माणसाला त्या जागी कापूस आणि थंड चमचा लावायला सांगावे. फरक कळत नसेल तर यंत्र बाजूला ठेवावे.

मावशींना ते यंत्र आठवडे बाजारात मिळाले होते. साखर, बी.पी., लकवा, सगळ्यावर एकच इलाज म्हणून. हे धादांत खोटे आहे. हे दुखणे दबवण्याचे साधन आहे, आणखी कशाचेही नाही.

दबलेले दुखणे

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लांबला ती सांगतो. आमच्याच कार्यक्षेत्रातील एक तरुण सभासद, वय चाळिशीच्या आत, गेल्या हंगामात कंबर धरून होता. ऊस तुटायला आलेला, तोडणीची टोळी दारात, वाहन मिळत नाही, या धावपळीत त्याने डबी पट्ट्याला अडकवली आणि दिवसभर ती चालू ठेवून कामे रेटली. कंबरेचे दुखणे मांडीत, मांडीतून पोटरीत उतरले. त्याने आणखी दोन पॅड पायाला लावले. पुढे पायातली चप्पल वाटेत निसटू लागली, तीही त्याला दहा पावले गेल्यावर कळायची. तरी मनाची समजूत अशी की, दुखत नाही म्हणजे बरे होत आहे.

एका रात्री त्याला लघवी होईना. बैठकीची जागा बधिर झालेली. त्याच्या बायकोने ऐकले नाही, रात्रीच गाडी करून शहरात नेले. मणक्यातली गादी सरकून खालच्या मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेला होता. तातडीने ऑपरेशन झाले. आज तो चालतो, लघवीवर ताबा आहे, पण डाव्या पायाचे पाऊल अजून नीट उचलत नाही. बांधावरून चालताना काठी लागते. "वैनी त्या रात्री सकाळपर्यंत थांबल्या असत्या तर?" असे आम्ही विचारले नाही, आणि त्यानेही ते काढले नाही.

तेव्हा पायातली ताकद कमी होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी-संडासचा ताबा जाणे किंवा ती अडणे, यांपैकी काहीही झाले तर यंत्र काढून ठेवून त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावे. ताप, विनाकारण वजन घटणे, पडल्या-झडल्यानंतरचे दुखणे, हेही घरी दाबत बसण्याचे नव्हे. आणि डावा खांदा, हात, जबडा किंवा छाती दुखत असून घाम फुटला असेल, तर ते स्नायूचे दुखणे धरून पॅड लावत बसू नये, हृदय तपासून घ्यावे.

गोळ्यांबाबत एवढेच. यंत्राने दोन गोळ्या वाचत असतील तर ती मोठी गोष्ट आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या व इंजेक्शने रोज घेतल्याने पोटात व्रण होतात, आणि उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडाला त्या जास्त बाधतात. याच औषधाने जनावरांची मढी खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते बंद झाले. माणसांसाठी चालू आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

कंबर बिघडते कोठे ते आपल्याला ठाऊक आहे. १६ लिटरचा पंप भरला की पाठीवर वीस किलो. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले, डीएपीचे अजून ५० चेच, आणि ते ट्रॉलीतून एकट्याने खांद्यावर घेण्यात आपल्याला अजून मोठेपणा वाटतो. पंप दहा लिटरच भरावा, एक खेप जास्त करावी. पोते दोघांनी धरावे. आणि दुखते म्हणून आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळू नये, जमेल तेवढे चालत राहावे.

कारखान्याच्या स्टोअरमधून हे यंत्र सवलतीत मिळणार का, अशी विचारणा गट ऑफिसला होत आहे. अशी कोणतीही योजना नाही. कोणी कारखान्याचे नाव सांगून यंत्रे विकत असेल तर गट ऑफिसला कळवावे. घ्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून, पहिल्यांदा त्यांच्यासमोर लावून मग घ्यावे.

आबांकडचे यंत्र ऑक्टोबरात मोजणीच्या दिवशी परत मिळाले. पॅड जसेच्या तसे प्लास्टिकवर होते. कंबर कशी आहे विचारले तर म्हणाले, "डॉक्टरनं सकाळ-संध्याकाळ वढ्यापतोर चालाय सांगितलंय, चालतोय. पंप पोरगा मारतोय." पिशवी जड लागली म्हणून उघडून पाहिली, तर यंत्राच्या खाली शेरभर भुईमुगाच्या शेंगा होत्या.